डाव्या किडनीतला तंतू

माझ्या मेव्हण्याच्या डाव्या किडनीत माझे सासरे वास्तव्य करून आहेत, ही बातमी आम्हाला फोनवर कळली. तेव्हा माझी बायको ऋचा डायलिसिसच्या खुर्चीत बसून दिवसभरासाठी ठरवून दिलेलं पाणी घोट घोट पुरवून पीत होती. सासरे वारून बरीच वर्षं झाली होती. जिवंत असताना ते कुणाकडे एका रात्रीपेक्षा जास्त राहत नसत, त्यामुळे मला जरा आश्चर्यच वाटलं.

फोनवर स्वप्नीलकाका होते. ऋचाचे चुलते, वय सत्तरीच्या पलीकडे, आडगावकर घराण्याचे विद्यमान प्रमुख. तरुणपणी ते हिंजवडीत संगणकाच्या कंपनीत होते आणि त्या काळी देवबिव मानत नसत, असं सांगणारे लोक अजून आहेत. निवृत्त होऊन जयसिंगपुरात परतल्यावर त्यांनी ती कसर भरून काढली.

"जावईबापू, ऑपरेशन थांबवा," ते म्हणाले. "ईशानच्या डाव्या किडनीत दादांचा तंतू निघालाय."

मी मिरजेत अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवतो. गुणसूत्रांचा धडा इतक्यांदा शिकवलाय की झोपेतही सांगेन. इथे थोडक्यात सांगतो, कारण पुढचा सगळा तमाशा त्याच धड्यावर उभा आहे.

आपल्या प्रत्येक पेशीत डीएनएचा सुमारे दोन मीटर धागा असतो. त्याचे सेहेचाळीस तुकडे. तेवीस आईने दिलेले, तेवीस बापाने. पेशीच्या केंद्रकाचा आकार बघता हे म्हणजे मिरजेहून सांगलीपर्यंत पुरेल एवढी दोरी एका लिंबात कोंबण्यासारखं आहे. निसर्गाने ते जमवलं. धागा प्रथिनांच्या बारीक रिळांवर गुंडाळला, रिळांची वेटोळी केली, वेटोळ्यांच्या घड्या घातल्या. पेशी दुभंगायच्या वेळी हे गाठोडं आणखी आवळलं जातं आणि सूक्ष्मदर्शकाखाली जाडसर कांड्या दिसतात. तीच गुणसूत्रं.

त्याआधी नक्कल होते. या धाग्याला दोन पदर असतात, एकमेकांभोवती पिळलेले. स्वेटरची चेन उघडावी तसे ते सुटे होतात आणि प्रत्येक जुन्या पदरासमोर एक नवा पदर विणला जातो. म्हणजे एक जुनी प्रत आणि एक नवी प्रत असं होत नाही. दोन्ही प्रतींत एक पदर जुना, एक नवा. या प्रती दोन पेशींत वाटल्या जातात. पुढच्या खेपेला पुन्हा तेच. आता बापाने दिलेल्या एखाद्या गुणसूत्राचे अगदी पहिले, अस्सल पदर दोनच. शरीर कितीही वाढलं, पेशी लाख कोटी झाल्या, तरी ते दोन पदर कुठल्या तरी दोन पेशींतच असणार. बाकी सगळीकडे नकलेची नक्कल. ती पेशी मेली किंवा कातडीबरोबर गळून गेली, तर तो पदरही गेला. आणि गेला तर जाऊ दे. अस्सल पदरात आणि नकलेच्या पदरात मजकूर तोच असतो. फरक असलाच तर एवढाच, की अस्सल पदर वापरून वापरून जास्त विटलेला असतो.

हे शेवटचं वाक्य मी दरवर्षी फळ्यावर लिहून खाली रेघ मारतो. त्याचा समाजाला काही उपयोग झालेला नाही.

ते विटलेपणच नडलं. परदेशातल्या कुठल्याशा प्रयोगशाळेने एक औषध काढलं. ते शिरेतून दिलं की जुन्यात जुन्या पदरावरच्या ओरखड्यांना जाऊन चिकटतं आणि यंत्राखाली ठिपक्यासारखं चमकतं. कर्करोगाची गाठ कुठल्या पेशीपासून सुरू झाली ते शोधायला त्यांनी हे केलं होतं, आणि तिकडे अजून त्याच कामाला वापरतात. आपल्याकडे यंत्र आलं आणि वर्षभरात 'आदितंतू' नावाच्या कंपनीची केंद्रं तालुक्यातालुक्यात उघडली. आपण प्रत्येक खिडकीवर "झेरॉक्स चालणार नाही, ओरिजिनल आणा" हे ऐकत वाढलेली माणसं. आपल्याच अंगात बापाची ओरिजिनल पडून आहे म्हटल्यावर कोण गप्प बसेल?

बापाची म्हणतोय. आईचीही असते, बरोबर तेवढीच. पण ती शोधायचा दर केंद्राच्या फलकावर नव्हता, कारण कुणी विचारलाच नव्हता. लोकांना हवा होता तो वाय गुणसूत्राचा पदर, जो बापाकडून फक्त मुलाला जातो. त्याला 'पितृतंतू' असं भारदस्त नाव मिळालं आणि मग तर विचारायलाच नको. लग्नाच्या जाहिरातींत 'तंतू शाबूत' आलं. एका आमदाराचा तंतू उजव्या पायाच्या अंगठ्यात निघाला. नमस्काराला तो आता उजवाच पाय पुढे करतो. एका साखर कारखान्याच्या अध्यक्षांचा कुठेच निघाला नाही, तेव्हा त्यांनी पूर्वी अपेंडिक्स काढणाऱ्या डॉक्टरवर दावा लावला. शेवटी कायदा झाला. पितृतंतू ही घराण्याची ठेव; तो ज्या अवयवात असेल तो अवयव घराणेप्रमुखाच्या ना-हरकतीशिवाय शरीराबाहेर काढता येणार नाही. विधेयक एकमताने मंजूर झालं, कारण विरोधी पक्ष सभात्याग करून गेला होता. तंतूंना पुरेसं संरक्षण नाही, अशी त्यांची तक्रार होती.

तर ऋचाच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. मला मधुमेह, माझी चालत नाही. आम्हाला मूल नाही. धाकटा भाऊ ईशान, त्याची जुळत होती, आणि तो हो म्हणाला होता. ईशान मनाने फार चांगला आहे. ज्याच्याकडून कुठलंच काम होत नाही अशा माणसाबद्दल आमच्याकडे हे वाक्य वापरतात.

फोन ठेवल्यावर मी तडक डॉ. सानिया मुल्लांकडे गेलो. प्रत्यारोपण त्या करणार होत्या. मी विचारलं, उजवी किडनी घेता येईल का? त्यांनी पडद्यावर ईशानच्या पोटाचं चित्र काढून दाखवलं. उजवीला तीन बारक्या रक्तवाहिन्या होत्या. जोडताना एक जरी बंद पडली तर किडनी वाया. डावी मात्र पाठ्यपुस्तकातल्यासारखी. तिच्यात मधोमध एक पिवळा ठिपका होता.

"हा काय तो?" मी म्हणालो.

"हाच. एक पेशी," त्या म्हणाल्या. "गाळणीच्या जाळीवर बसलेली असते. दुभंगत नाही म्हणून तिच्यात जुना पदर टिकलाय. पण अशा पेशी सुटतात हो सर. आज ना उद्या ही लघवीवाटे निघून जाईल. ती जायची वाट बघायला आपल्याकडे वेळ नाही." मग आवाज खाली आणून त्यांनी ऋचाच्या हृदयाबद्दल सांगितलं. डायलिसिस तिला आता झेपत नव्हतं. काही महिन्यांनी ती ऑपरेशनच्या लायक राहीलच याची खात्री त्या देत नव्हत्या.

जयसिंगपूरला ऋचा स्वतः आली. मी नको म्हणत होतो. किडनी मागायची ती माझी मी मागेन, ती म्हणाली.

आडगावकरांच्या बंगल्यात बैठकीच्या खोलीत सासऱ्यांचा मोठा फोटो आहे. त्या दिवशी त्याच्या शेजारी आणखी एक चौकट होती. काकांनी केंद्रातून ईशानच्या किडनीचं चित्र मोठं करून आणलं होतं. राखाडी किडनी, पिवळा ठिपका, खाली सासऱ्यांचं नाव. दोन्ही फोटोंना सारखेच हार होते. सासूबाई त्यांच्याखाली बसल्या होत्या आणि कुठल्या फोटोकडे बघायचं नाही हे न कळून दाराकडे बघत होत्या.

काकांनी आधी तब्येतीची चौकशी केली. किडनी द्यायला कोण नाही म्हणतंय, असं त्यांनी तीन-चारदा सांगितलं. ही त्यांची सवय. त्यांना जे करायचं नसतं त्याला कोण नाही म्हणतंय असं ते विचारतात. अडचण एवढीच होती की ही साधी किडनी नव्हती. ईशानच्या अंगात सापडलेला हा एकुलता एक तंतू. दुसरा त्याच्या जावळाबरोबर कृष्णेत गेला असावा, असा काकांचा कयास होता आणि त्याबद्दल त्यांनी सासूबाईंना केव्हाच माफ केलं होतं. पुढच्या पिढीतही अंधार. ईशानच्या मुलाचा, विहानचा, तंतू सापडलेला नव्हता.

त्या प्रकाराला मी हजर होतो. विहान मुंजीच्या वयाचा झाला तेव्हा काकांनी 'तंतुदर्शन' नावाचा नवा विधी केला. सत्तरेक माणसं, मांडव, मोठा पडदा. पडद्यावर मुलाचं सगळं शरीर आलं आणि त्यात पिवळं काहीच चमकलं नाही. मग काका माईकवर म्हणाले, "पोराचा काय दोष? आईनेच पोटात असताना घालवला." ईशानची बायको आर्या तेव्हा पेढ्यांचं ताट घेऊन उभी होती. तिला ते ताट कुठे ठेवायचं सुचेना. ऋचा उठली, तिच्या हातातून ताट घेतलं, काकांच्या मांडीवर ठेवलं आणि आर्याला गाडीत घालून मिरजेला आमच्याकडे घेऊन आली. चार दिवसांनी ईशान तिला न्यायला आला. तेव्हाही तो मनाने चांगलाच होता.

"म्हणजे बघ," काका आता ऋचाला समजावत होते, "तू आमचीच आहेस. कोण नाही म्हणतंय? पण तू राहतेस पुजाऱ्यांच्या घरी. दादांचा तंतू उद्या पुजाऱ्यांच्या घरात जाऊन बसणार. शोभतं का ते?"

पुजारी म्हणजे मी. मी म्हणालो, काका, त्या पदरावर जे लिहिलंय ते ईशानच्या पेशीपेशीत लिहिलंय. त्यात एका अक्षराचा फरक नाही.

"जावईबापू, तुम्ही शिकवता ते परीक्षेपुरतं बरोबर आहे," काका म्हणाले.

ऋचाने पाण्याची छोटी बाटली काढली, किती उरलंय ते बघितलं आणि न पिता परत ठेवली. "काका, पप्पांची तेवीस गुणसूत्रं माझ्यात आहेत. ईशूइतकीच. त्यांचे अस्सल पदरही असतील की कुठेतरी. माझं स्कॅन कधी केलंत?"

"ते वेगळं."

"काय वेगळं?"

"आता सगळंच बोलून दाखवायचं का? ते वेगळं असतं."

मग ती ईशानकडे वळली. ईशान इतका वेळ मोबाइलचं कव्हर काढत होता आणि घालत होता.

"ईशू, किडनी कुणाची आहे?"

ईशानने चौकटीतल्या किडनीकडे बघितलं. "माझी आहे गं ताई, पण..."

त्या 'पण'च्या पुढे काही आलं नाही. आम्ही वाट बघितली. एक शिकली-सवरलेली, मतदान करणारी, सोलर पंपांची एजन्सी चालवणारी व्यक्ती स्वतःच्या पोटातल्या अवयवाबद्दल वाक्य पूर्ण करू शकत नव्हती. संताप येऊन उपयोग नव्हता. जावयाने सासरी संतापायचं असतं ते आमरसात वेलदोडा नसल्याबद्दल. बायकोच्या जिवासाठी संतापायची आपल्याकडे पद्धत नाही.

तेवढ्यात आर्या चहा घेऊन आली आणि काकांना तोडगा सुचला. त्यांचा चेहरा खरोखर उजळला. माणूस दुष्ट नव्हता, एवढं मला तेव्हा कळलं आणि त्याचाच जास्त राग आला.

"सूनबाईंची घ्या की," ते म्हणाले. "हल्ली औषधांनी कुणाची कुणालाही चालते म्हणतात. आणि बायकांना तंतूची ना-हरकत लागत नाही. तिच्यात आपलं काहीच नाही."

खोलीत कुणालाच यात काही वावगं वाटलं नाही. मी मनात हिशेब केला. दिली म्हणून मुलगी त्यांची नाही. आणली तरी सून त्यांची नाही. म्हणजे त्या बंगल्यात आडगावकर म्हणून उरत होते दोन पुरुष, शाळेत गेलेला एक मुलगा आणि एक किडनी.

आर्याने ट्रे टीपॉयवर ठेवला. प्रत्येकासमोर कप सरकवला. ऋचासमोर तिने अर्धाच कप ठेवला, कारण तिला तेवढाच चालतो हे त्या घरात तिलाच ठाऊक होतं. मग ती "चालेल" म्हणाली आणि आत गेली.

काकांनी आमच्याकडे असं बघितलं की बघा, संस्कार.

ऋचा तिच्यामागोमाग स्वयंपाकघरात गेली. मी दारात थांबलो. ऋचा चिडली होती. उभं राहवत नव्हतं म्हणून ओट्याला टेकली होती. तुला ढकलतायत आणि तू चालेल म्हणतेस, ती म्हणाली. माझ्या भावाने द्यायचं ते तू का द्यायचं? मला नको असली किडनी.

आर्या भांडी विसळत राहिली. मग नळ बंद करून म्हणाली, "ताई, मी मागच्याच महिन्यात मिरजेला येऊन सगळ्या तपासण्या करून गेलेय. मुल्ला मॅडमना सांगितलं होतं, इतक्यात बोलू नका. आमचा रक्तगट चालतो, बाकीचं औषधांनी जमतंय. घरात कसं सांगू एवढाच प्रश्न होता. तो काकांनी सोडवला."

ऋचाने शेजारचं स्टूल ओढलं आणि बसली.

"तिच्यात आपलं काहीच नाही, म्हणाले ना? बरंय. म्हणजे जे आहे ते सगळं माझं. माझं मी कुणालाही देईन." तिने हात पुसले. "आणि दाजी, तुम्ही डोळे पुसा बघू. बाहेर त्यांना वाटेल चहा बिघडला."

ऑपरेशनचा दिवस ठरला. कायद्याप्रमाणे आर्याच्या कागदांवर पितृतंतूच्या रकान्यात 'स्त्री-दाता, लागू नाही' असा शिक्का पडला आणि तिचं तंतूचं स्कॅन झालं नाही. ईशान ऋचा आणि आर्याच्या खोल्यांमधल्या बाकावर बसून होता. त्याला आत नेलं जात नव्हतं याचं त्याला वाईट वाटत होतं आणि बरंही वाटत होतं. आर्याला स्ट्रेचरवरून नेताना तो उठला. तिने त्याच्याकडे बघून विहानच्या डब्याची आठवण करून दिली.

डॉ. मुल्लांनी आर्याची डावी किडनी काढली आणि ऋचाच्या ओटीपोटात उजव्या बाजूला बसवली. नवी किडनी तिथेच बसवतात. टाके घालायच्या आत ती काम करायला लागली. दोन वर्षं जी बाई लघवी हा शब्द विसरली होती, तिच्या पलंगाखाली लटकवलेल्या पिशवीत पिवळं पाणी थेंब थेंब यायला लागलं. मी साहित्य वाचलेला माणूस आहे, अनेक सुंदर गोष्टी पाहिल्यात. त्या पिशवीइतकी सुंदर गोष्ट मी पाहिलेली नाही.

चौथ्या दिवशी ऋचाला यंत्राखाली घातलं. नव्या किडनीत काही गाठबीठ नाही ना, हे बघायची ती नेहमीची तपासणी. यंत्र मात्र तेच. गाठीही शोधतं आणि तंतूही, आणि सापडलेला तंतू आपणहून नोंदींशी ताडून बघतं. डॉ. मुल्ला मला बाहेर बोलवायला आल्या. त्यांचा चेहरा विचित्र होता. हसू दाबलेल्या माणसाचा असतो तसा.

"सर, गर्भाच्या काही पेशी आईच्या रक्तात शिरतात. तुम्ही शिकवत असाल."

शिकवतो कसला. अकरावीच्या पुस्तकात तो मजकूर एका निळ्या चौकटीत आहे, आणि चौकटीतलं परीक्षेला नसतं, म्हणून मी ती ओलांडून जातो. पण आहे ते खरं. पोटातल्या बाळाच्या थोड्या पेशी वारेतून आईच्या अंगात जातात आणि तिथे मुक्काम करतात. यकृतात, फुप्फुसात, किडनीत. वर्षानुवर्षं. मुलगा झाला असेल तर त्या पेशींत वाय गुणसूत्रही असतं. पोर शाळेत जातं, कॉलेजात जातं, त्याचा एक चिमूटभर भाग आईच्या अंगातच राहून गेलेला असतो.

विहानला बापाकडून मिळालेल्या वाय गुणसूत्राचा अस्सल पदर घेऊन एक पेशी अशीच पलीकडे गेली होती. गेली ती आर्याच्या डाव्या किडनीत बसली. काकांनी मांडवात पडदा लावून जो शोधला तो त्या वेळी दहा पावलांवर पेढ्यांचं ताट घेऊन उभा होता. आता तो ऋचाच्या पोटात होता.

नियमाप्रमाणे निरोप घराणेप्रमुखाला गेला. काकांनी नंतर मला तो दाखवला. "अभिनंदन! आडगावकर घराण्याचा पितृतंतू आढळला आहे. धारक: ऋचा निरंजन पुजारी."

संध्याकाळी ते आले. सोबत सासूबाई आणि ईशान. काकांच्या हातात नारळ, खण, आणि हळदीकुंकवाची डबी होती. इस्पितळाच्या सिस्टरने नारळ आत नेता येणार नाही म्हणून सांगितलं, तर ते म्हणाले, पेशंटसाठी नाही, आतल्यासाठी आहे.

आर्याही तेव्हा ऋचाच्याच खोलीत होती. सलाइनची काठी धरून हळूहळू चालत यायची आणि शेजारच्या खुर्चीत बसायची. दोघी एकाच फोनवर काहीतरी बघत होत्या.

काकांनी ऋचाच्या पोटाकडे बघून हात जोडले. तिच्या चेहऱ्याकडे त्यांचं लक्ष नंतर गेलं. मग ते बसले आणि बोलायला लागले. घराण्यावर केवढी कृपा झाली ते बोलले. दरवर्षी कुळाचाराला ऋचाने येऊन देवघराशेजारी बसायचं, तिच्यासाठी वेगळा पाट करणार होते. प्रवास शक्यतो टाळायचा. पडायचं-बिडायचं नाही. "आणि पुढे कधी," त्यांनी आवाज मऊ केला, "म्हणजे देव करो तू शंभर वर्षं जग, कोण नाही म्हणतंय, पण तुझ्या पश्चात ती किडनी तेवढी आमच्याकडे यावी. जावईबापूंनी तसं लिहून द्यावं. बाकीचं काय ते तुमच्या पद्धतीने करा."

बाकीचं म्हणजे माझी बायको.

मी उठलो. काय करणार होतो ते मला आजही सांगता येत नाही. ऋचाने माझा सदरा धरून मला खाली बसवलं.

"मला कशाला सांगता काका," ती म्हणाली. "किडनी वहिनीची आहे. तिला विचारा."

जन्मात पहिल्यांदा काका आर्याकडे वळले. चहा मागायचा नसताना, असं म्हणायचंय मला. "सूनबाई, तू तरी सांग हिला. विहानचा तंतू आहे गं. तुझ्याच पोरग्याचा."

आर्याने सलाइनच्या नळीला पडलेला पीळ सोडवला. मग शांतपणे म्हणाली, "नसेल हो काका. तो तर मी पोटातच घालवला. सत्तर माणसांसमोर माईकवर तुम्हीच सांगितलंत. हा दुसऱ्या कुणाचा तरी असेल."

काकांनी तोंड उघडलं. "अगं, पण यंत्र म्हणतंय ना..."

"यंत्र तेव्हाही हेच होतं."

ईशानचे कान लाल झाले होते. त्याने काकांच्या हातातला नारळ काढून घेतला आणि तो घेऊन तसाच उभा राहिला. त्याच्याकडून एवढंच झालं, पण झालं. मग एक बारीक आवाज आला, आणि तो सासूबाईंचा होता. त्या पदर तोंडाशी धरून हसत होत्या. मी त्यांना त्याआधी हसताना ऐकलेलं नव्हतं, त्यामुळे आधी वाटलं रडतायत.

"स्वप्नीलभाऊजी, उठा आता," त्या म्हणाल्या. "पोरी दमल्यात."

काका उठले. तेवढ्यात सिस्टर आत आली, पलंगाखाली वाकली, भरलेली पिशवी काढून तिने दुसरी लावली. भरलेली पिशवी प्रकाशात धरून तिने आकडा बघितला, "वा, छान," म्हणाली आणि बाथरूमकडे निघाली.

"ती..." काकांनी पिशवीकडे बोट केलं. डॉ. मुल्लांचं ते लघवीवाटे निघून जाण्याचं बोलणं मी त्यांना त्या बैठकीनंतर मुद्दाम फोन करून ऐकवलं होतं. "ती कुठे नेताय?"

"ओतायला," सिस्टर म्हणाली.

आत पाणी सोडल्याचा आवाज झाला. काका त्या दाराकडे बघत उभे होते. ईशानने त्यांच्या दंडाला धरून त्यांना बाहेर नेलं.

"निरंजन, पाणी दे," ऋचा म्हणाली.

सवयीने मी छोटी बाटली उचलली आणि झाकणात ओतायला लागलो.

"असं नाही," ती म्हणाली. "तांब्या दे."

मी तांब्या भरून दिला. तिने तो दोन्ही हातांनी धरला, तोंडाला लावला आणि खाली ठेवायच्या आधी रिकामा केला.